बुद्धिबळाचा पट : बिनजोर मोहरा

घरोघरीं खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या डावांत हरणाराच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "त्याला सुचलें, मला सुचलें नाहीं." वाक्य वरवर विनयाचें दिसतें, परंतु त्याच्या पोटांत एक चुकीची समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, पटावर एकाएकीं चमकणारी युक्ति कोणा भाग्यवंताच्या मस्तकांतून निघते, आणि ज्याच्या मस्तकांत ती नाहीं त्यानें हात जोडून स्वस्थ बसावें. माझा अनुभव निराळा आहे. हौशी खेळाडूंच्या जवळजवळ प्रत्येक डावांत अशी एखादी संधि येते, पटावर उघडी पडून राहते, आणि दोघांपैकीं कोणाच्याहि नजरेस न पडतां निघून जाते.

गेल्या महिन्यांत या सदराकडे आलेल्या एका पत्रानें हा विषय घेण्यास मला प्रवृत्त केलें. पत्रलेखक सद्गृहस्थ मोठ्या एकत्र कुटुंबांतील आहेत. त्यांची कन्या पंधरा वर्षांची. यंदा तिचें शालान्त परीक्षेचें वर्ष. दिवाळीच्या सुट्टींत होणाऱ्या जिल्ह्याच्या स्पर्धेंत उतरावें असें तिच्या मनांत आहे. तिच्या थोरल्या काकांचा या गोष्टीला विरोध. काका म्हणजे त्या घरांतील सर्वांचे या खेळांतील गुरु. पुतण्यांना आणि या पुतणीला त्यांनींच पटावर बसविलें. त्यांनीं मुलीशीं एक डाव खेळून, तो जिंकून, निर्णय दिला : "हिला नियम येतात, पण उपजत दृष्टि नाहीं. वर्ष फुकट घालवूं नये." पत्रलेखकांनीं त्या डावाच्या चाली उतरवून पाठविल्या आहेत, आणि वडील बंधूंचा शब्द मोडावा कसा आणि मुलीचें मन मोडावें कसें, अशा पेंचांत सांपडून मला विचारलें आहे कीं, हा निर्णय बरोबर समजावा काय. नांवें अर्थातच मी देत नाहीं.

डाव समजण्यास सोपा जावा म्हणून घरांचीं नांवें सांगून ठेवतों. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या आठ ओळींना अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह असें म्हणावें, आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूनें १ पासून ८ पर्यंत अंक द्यावे. म्हणजे पांढरा राजा आरंभीं इ१ वर व काळा राजा इ८ वर असतो. वाचकांनीं पट मांडून घ्यावा. नुसत्या डोळ्यांनीं वाचण्याचा हा मजकूर नव्हे.

मुलीकडे पांढरे मोहरे होते. पहिल्या चालीस दोघांनींहि राजापुढील प्यादें दोन घरें टाकलें. म्हणजे इ४ व इ५. मुलीनें घोडा फ३ वर काढला, काकांनीं ड६ वर प्यादें ठेवून इ५ च्या प्याद्याला जोर दिला. मुलीनें उंट क४ वर आणला. काकांनीं आपला उंट ग४ वर नेऊन तिचा घोडा बांधला, कारण तो घोडा हलला कीं त्याच्यामागें ड१ वर उभा असलेला वजीर उंटाच्या तोंडीं जातो. चौथ्या चालीस मुलीचा दुसरा घोडा क३ वर व काकांचा घोडा क६ वर आला. पांचव्या चालीस मुलीनें ह३ प्यादें टाकून उंटाला डिवचलें, आणि काकांनीं तो एक घर मागें, ह५ वर घेतला.

येथें वाचकांनीं पुढें न वाचतां पांच मिनिटें पटाकडे पाहावें.

मुलीनें सहाव्या चालीस किल्लेकोट केला. काकांनीं क६ चा घोडा ड४ वर नेला. मुलीनें घाबरून क४ चा उंट इ२ वर परत आणला. नंतर मारामारी होऊन डाव बरोबरीनें चालला होता, तो चोविसाव्या चालीस तिचा एक घोडा कोणाच्याहि आधारावांचून राहिला. काकांच्या वजीरानें राजाला शह देऊन तो घोडा उचलला. पुढें डावांत कांहीं राहिलें नाहीं.

आतां सहाव्या चालीकडे परत वळूं. फ३ चा तो "बांधलेला" घोडा उचलून इ५ चें प्यादें मारावयाचें, आणि वजीर खुशाल मरूं द्यावयाचा! काळ्या उंटानें वजीर घेतला तर क४ चा पांढरा उंट फ७ चें प्यादें मारून शह देतो. त्या उंटाला इ५ च्या घोड्याचा जोर आहे, म्हणून राजाला तो मारतां येत नाहीं. ड७ हें घर त्याच घोड्यानें रोखलेलें. राजाला इ७ हें एकच घर मोकळें, तेथें तो गेला कीं क३ चा घोडा ड५ वर येतो, आणि मात होते. वजीर गमावलेल्या पक्षानें दोन घोडे व एक उंट एवढ्यांवर केलेली ही मात फ्रान्समधील अठराव्या शतकांतील खेळाडु लेगाल यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रख्यात फिलिदोर यांचे ते गुरु.

परंतु ही मात पाहून हुरळून जाण्यांत अर्थ नाहीं. जाणता प्रतिपक्षी वजीर घेणारच नाहीं. तो क६ च्या घोड्यानें इ५ चा घोडा मारील. मग पांढरा वजीर ह५ चा उंट उचलतो, आणि काळा घोडा क४ चा उंट मारतो. येथें उतावळा मनुष्य हिशेब मांडतो : दिला एक घोडा व एक उंट, मिळालें एक प्यादें व एक उंट, म्हणजे व्यवहार बुडाला. त्याचा हिशेब एक चाल आधीं थांबला. क४ वर येऊन बसलेल्या काळ्या घोड्याला कोणाचाहि जोर नाहीं. पांढरा वजीर ह५ वरून पांचव्या ओळीनें सरळ ब५ वर जातो, राजाला शह बसतो, आणि त्याच वेळीं घोडाहि वजीराच्या माऱ्यांत येतो. शह निवारण्यांत काळ्याची चाल खर्ची पडते आणि घोडा पडतो. पांढरा एका प्याद्यानें वरचढ. इ५ चा घोडा ड६ च्या प्याद्यानें मारला तरी वजीर ह५ चा उंट घेतोच, आणि फ७ वर मातेचा धाक उभा राहतो.

आतां या सर्वांतील मर्माची गोष्ट सांगतों. काळा उंट ग४ वर असतांना, म्हणजे मुलीनें ह३ टाकण्यापूर्वीं, हीच युक्ति केली असती तर डाव हातचा गेला असता. कारण तेव्हां क६ च्या घोड्यानें इ५ चा घोडा मारला असता तर तो घोडा तेथून ग४ च्या उंटाला जोर देऊं शकला असता. ह५ च्या उंटाला इ५ वरून घोड्याचा जोर पोंचत नाहीं. काकांनीं उंट एक घर मागें घेतला, आणि पटावर जें असत्य होतें तें सत्य झालें! संधि कोठून येते याचें याहून चांगलें उदाहरण मला देतां येणार नाहीं. ती प्रतिपक्षाच्या शेवटच्या चालींतून येते; कोणता तरी जोर सुटलेला असतो.

सातव्या चालीस तर ती संधि आणखी मोठी होऊन परत आली. काकांचा घोडा क६ सोडून ड४ वर गेल्यावर इ५ वर घोड्यानें मारण्याचा काळ्याचा मार्गच बंद झाला. वजीर घेतला कीं मात, न घेतला तर प्यादें गेलें. मुलीनें ती चालहि घालविली. पण मग काकासाहेबांचें काय? उंट ह५ वर घेतांना त्यांना भय वाटलें नाहीं, घोडा ड४ वर नेतांनाहि वाटलें नाहीं. दोन वेळां ते विहिरीच्या कांठावरून चालत गेले, आणि विहीर आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांच्याविषयीं मला अनादर नाहीं. ज्या घरांत मुलींनाहि पटावर बसविणारा वडील मनुष्य आहे तें घर भाग्याचें. परंतु दृष्टीच्या अभावाचा आरोप या डावावरून एकट्या मुलीवर ठेवतां येत नाहीं, एवढें मला स्पष्ट म्हटलें पाहिजे.

मग ही दृष्टि यावयाची कशी? माझें शिक्षण जुन्या पद्धतीचें, म्हणून मला शास्त्रार्थाची उपमा सुचते. आपला सिद्धान्त मांडण्याआधीं पूर्वपक्ष मांडावा, आणि तो प्रतिपक्षी स्वतः मांडील त्याहून बळकट करून मांडावा, असा आपल्या पंडितांचा दंडक. घरगुती खेळाडु नेमका उलट वागतो. प्रतिपक्षानें चाल केली कीं तो आपलीच योजना पुढें रेटतो. समोरच्यानें काय केलें याची विचारपूसहि करीत नाहीं. प्रत्येक चालीनंतर पहिला प्रश्न हा, कीं या मोहऱ्यानें मागचें घर सोडतांना काय काय सोडलें? कोणत्या मोहऱ्याचा जोर गेला, कोणती ओळ मोकळी झाली? त्यानंतर दोन्ही पक्षांचे बिनजोर मोहरे मनांत मोजावे. ज्या डावांत बिनजोर मोहरा नाहीं, आणि राजा सुरक्षित आहे, तेथें युक्ति शोधण्यांत फारसा वेळ दवडूं नये. जेथें असे दोन मोहरे आहेत, किंवा एक मोहरा आणि उघडा राजा आहे, तेथें एकाच चालीनें दोघांवर मारा होतो काय हें पाहिल्याशिवाय पुढची चाल करूंच नये.

अगदीं बाळबोध उदाहरण घ्या. दोघांनीं राजापुढील प्यादीं दोन घरें टाकलीं. पांढऱ्यानें वजीर ह५ वर आणला. नवशिका काळा वजीराला हुसकावण्यासाठीं ग६ प्यादें टाकतो. तें ग७ वरून हललें आणि कोपऱ्यांतील हत्तीकडे जाणारी तिरपी वाट उघडली. वजीर इ५ चें प्यादें शह देऊन मारतो आणि पुढच्या चालीस ह८ चा हत्ती घेतो. मुलें हें एकदां फसून शिकतात. मोठीं माणसें त्याच जातीची युक्ति चोविसाव्या चालीस ओळखीत नाहींत, कारण तेथें मोहरे पांगलेले असतात आणि चित्र निराळें दिसतें. या मुलीचा घोडा चोविसाव्या चालीस गेला तो असाच : वजीराचा शह आणि एक बिनजोर मोहरा. सहाव्या चालीच्या युक्तींतील ब५ चा शह तोच. एका डावांत एकच धडा दोन वेळां आला, एकदां तिच्या लाभाचा आणि एकदां तोट्याचा. हें तिनें आपल्या वहींत अवश्य लिहून ठेवावें.

उघड्या शहाचेंहि एक उदाहरण सांगून ठेवतों. इ४, इ५ नंतर पांढरा घोडा फ३ वर, काळा घोडा फ६ वर. पांढऱ्या घोड्यानें इ५ चें प्यादें मारलें, काळ्या घोड्यानें लगेच इ४ चें मारलें. पांढऱ्यानें वजीर इ२ वर आणला, आणि काळ्यानें आपला घोडा वांचविण्यासाठीं फ६ वर परत घेतला. झालें! पांढरा घोडा इ५ वरून क६ वर जातो. मागून वजीराचा शह उघडतो आणि घोडा काळ्या वजीरावर बसतो. वजीर गेला. काळ्यानें घोड्यावरचा मारा पाहिला, पण इ ओळींत आपला राजा व समोर वजीर यांच्यामध्यें आतां शत्रूचाच एक मोहरा उरला आहे, हें पाहिलें नाहीं.

मोठ्या खेळाडूंनाहि हा नियम चुकत नाहीं. १९१४ सालीं मॉस्को येथें बर्नस्टाईन यांच्याशीं खेळतांना कापाब्लांका यांनीं आपला वजीर ब२ वर, पांढऱ्या वजीराच्या थेट तोंडांत नेऊन ठेवला. बर्नस्टाईन यांनीं डाव सोडला. पांढऱ्या वजीराकडे पहिली ओळ राखण्याचें काम होतें. तो काळ्या वजीराला मारावयास गेला कीं काळा हत्ती ड१ वर येऊन मात करितो. एका मोहऱ्यावर दोन कामें असलीं कीं तो जोर असूनहि नसल्यासारखाच, हें येथें ध्यानांत येतें. आपल्या घरांतहि ज्या एका माणसावर चार कामें असतात त्याच्यावर भरंवसा ठेवतांना विचार करावा लागतोच कीं!

आतां "उपजत दृष्टि" या शब्दाविषयीं. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट यांनीं १९४६ सालीं बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, श्रेष्ठ खेळाडु दुय्यम खेळाडूंपेक्षां फार दूरचा हिशेब करितात असें नाहीं. परंतु कांहीं क्षण दाखविलेली डावांतील स्थिति ते जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडूं शकतात. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंत चेस व सायमन या संशोधकांनीं त्याला एक सुंदर पुस्ती जोडली. मोहरे पटावर वाटेल तसे टाकून तोच प्रयोग केला तेव्हां श्रेष्ठ खेळाडूचें श्रेष्ठत्व जवळजवळ नाहींसें झालें. म्हणजे त्यांची स्मरणशक्ति सर्वसाधारण अर्थानें अलौकिक नव्हती; पूर्वीं पाहिलेल्या रचना त्यांना ओळखीच्या माणसासारख्या भेटत होत्या. गुण सर्वांचे सारखे असतात असें मी म्हणत नाहीं. पण लेगालची मात जिनें कधीं पाहिलीच नाहीं तिला ती पटावर ओळखूं आली नाहीं, यावरून तिच्या जन्मजात शक्तीचें माप काढणें हें शब्दरूपावलि न शिकविलेल्या मुलाची व्याकरणाची परीक्षा घेण्यासारखें आहे.

रचना पाठ करण्याचा मार्ग आपल्याकडे नवा नाहीं. सतराव्या शतकांत काशीस राहणाऱ्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठांनीं आपल्या "नीतिमयूखां"त या खेळाचें प्रकरण घातलें आहे. आणि त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें जें भाषांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें, तें तर बहुतांशीं सोडविण्यासाठीं मांडलेल्या स्थितींचाच संग्रह आहे. विद्यार्थ्याची स्मृति व सराव वाढावा हाच त्याचा हेतु. आज अशा स्थिति हजारोंनीं सहज मिळतात. संगणकहि डाव संपल्यावर कोठें काय चुकलें तें क्षणांत दाखवितो. त्याचा उपयोग अवश्य करावा, मात्र आधीं स्वतः डाव तपासून, आपल्या मतें संधि कोठें होती तें कागदावर लिहून, मगच त्याला विचारावें. उत्तर आधीं पाहून गणित सोडविणाऱ्या मुलांचें पुढें काय होतें हें मीं शाळेंत पुष्कळ पाहिलें आहे.

घरांतील दोन संवयींविषयीं मात्र मला कडक बोलावेंसें वाटतें. एक, चाल परत घेऊं देण्याची. वडील मंडळी प्रेमानें म्हणतात, "अग, घोडा जातोय, परत घे." त्या प्रेमानें मुलीचा घोडा वांचतो, पण पाहण्याची गरज नाहींशी होते. दुसरी, बाजूला बसून बोलणाऱ्यांची. पानसुपारी घेऊन भोंवतीं बसलेले चार जण खेळणाराच्या डोळ्यांचें काम आपल्या जिभेनें करितात. स्पर्धेंत कोणी बोलत नाहीं. तेथें आपलेच डोळे. काकांना माझी नम्र विनंति अशी कीं, त्यांनीं पुतणीशीं आठवड्यांतून दोन डाव, घड्याळ लावून, चाली लिहून आणि हात लावलेला मोहरा चालविलाच पाहिजे या नियमानें खेळावे, आणि डावानंतर दोघांनीं मिळून "येथें कोणाचा कोणता जोर सुटला होता" एवढेंच शोधावें.

पत्रलेखकांस माझें उत्तर असें. परीक्षेच्या वर्षीं किती वेळ द्यावा हा निर्णय सर्वस्वीं आपला. तेथें मी पडत नाहीं. रोज अर्धा तास स्थिति सोडविणें आणि सुट्टींतील स्पर्धेचे थोडे दिवस, एवढ्यानें नियमानें अभ्यास करणाऱ्या मुलीचें वर्ष बुडतें असें मला वाटत नाहीं. पण आपण तिला अधिक ओळखतां. मात्र ना म्हणावयाचें झाल्यास तें वेळेच्या कारणानें म्हणावें, "तुला दृष्टि नाहीं" या कारणानें म्हणूं नये. पहिल्या कारणाचें दुःख परीक्षा संपली कीं सरतें. दुसरें मुलगी सासरीं घेऊन जाते. मुलींच्या बाबतींत हा शब्द जरा लौकर उच्चारला जातो, असेंहि मीं पाहिलें आहे. १९७६ सालीं रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या तेव्हां केवढा वाद माजला होता. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांनीं स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करतां येणार नाहीं असा निर्णय दिला. आणि २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला तो नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं.

आपल्या कन्येसाठीं, तिच्या काकांसाठीं आणि इतर वाचकांसाठीं या महिन्याची स्थिति पुढें देतों. पांढरा : राजा ग१, हत्ती क१, घोडा ड५, प्यादीं फ२, ग२, ह२. काळा : राजा ग८, वजीर ड७, प्यादीं फ७, ग७, ह७. चाल पांढऱ्याची. काळा वजीर पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. पांढऱ्याला एकूण तीन शह देतां येतात. त्यांपैकीं एकच डाव जिंकतो. तिन्ही शह शोधून, उरलेले दोन कां फसतात हेंहि लिहून पाठवावें. नुसती पहिली चाल कळविणारीं उत्तरें ग्राह्य धरलीं जाणार नाहींत. उलगडा पुढील अंकीं.